व्हायरस जिवंतच नसेल तर मारायचा कसा?

रोपवाला गिरणारे
नमस्कार मंडळी. गिरणाऱ्याच्या अलीकडे माझी टोमॅटो-मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे. प्रश्न शेतीचा की विज्ञानाचा हे मलाच ठरवता येईना, म्हणून इथे टाकतोय.

परवा दिंडोरीकडचं एक गिऱ्हाईक आलं, हातात उपटलेलं टोमॅटोचं झाड. शेंड्याची पानं बारीक, कडा वर वळलेल्या, शिरांमधला भाग पिवळा, पेरं आखडून झाडाचं झुडूप झालेलं. फुलं गळून गेलेली. बघताक्षणी कळलं, बोकड्या, पांढरी माशी पसरवते तो व्हायरसचा रोग. त्याचं म्हणणं, रोपातूनच आला. माझं म्हणणं, माझी रोपं बारीक जाळीत, आत पिवळे चिकट सापळे टांगलेले. तुझ्या बांधाला लागून गेल्या हंगामाचा जुना प्लॉट उभा आहे, पांढरी माशी तिथूनच आली असणार. वाद चहावर मिटला. पण जाता जाता त्याने पिशवीतून एक बाटली काढून दाखवली. कृषी सेवा केंद्रातून आणलेली, लेबलवर ठळक अक्षरांत ‘व्हायरसचा समूळ नायनाट’. फवारून झाली होती, झाड जैसे थे.

रात्री घरी हे सांगत होतो तर आठवीतला पोरगा विज्ञानाचं पुस्तक घेऊन आला. पहिल्याच धड्यात दिलंय की विषाणूंना सहसा सजीव मानत नाहीत, ते सजीव-निर्जीवांच्या सीमेवर. म्हणाला, “पप्पा, जे जिवंतच नाही त्याला मारायचं औषध कसं काय असेल?”

तेव्हापासून डोक्यात भुंगा. करपा, भुरी या बुरशी, त्या जिवंत, मारता येतात. अळी जिवंत, मारता येते. हा व्हायरस नक्की कशात बसतो? जिवंत नसेल तर एका झाडावरून अख्ख्या प्लॉटवर पसरतो कसा? २०२० च्या उन्हाळ्यात ‘तिरंगा’ आला, एकेका फळावर तीन-तीन रंग, माल सडला, लोकांनी उभ्या पिकात रोटर फिरवले. निर्जीव वस्तूने एवढा धुमाकूळ घातला म्हणायचं?

कृपा करून ‘सीमेवर आहे’ एवढंच उत्तर देऊ नका. शेताच्या सीमेवर बांध असतो आणि बांधावर काही पिकत नाही.

पंचवटी एक्स्प्रेस
अकरावीला आमच्या सरांनी एका ओळीत संपवलं होतं: पेशीबाहेर निर्जीव, पेशीत गेला की सजीव. तेवढंच लिहिलं, मार्क मिळाले. तुम्ही टोमॅटोवाले एवढा विचार करायला लागलात तर पिंपळगावला क्रेट कोण उतरवणार भो?

निवृत्त मास्तरीण
रोपवाले भाऊ, मुलाला माझी शाबासकी सांगा. मी नाशिकरोडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे.

पंचवटी एक्स्प्रेस, तुमच्या सरांचं उत्तर पेपरात चालतं, मी स्वतः त्याला पूर्ण मार्क दिलेत. पटलं मात्र कधी नाही. एकच वस्तू दाराबाहेर मेलेली आणि दारात पाऊल टाकताच जिवंत, हे विज्ञानापेक्षा पुराणात जास्त शोभतं. माझं मत आधीच सांगून टाकते: व्हायरस जिवंत नाही. सीमेवरही नाही. आणि त्या बाटलीने काही होणार नाही हे तुमच्या मुलाने बरोबर ओळखलंय.

गोष्ट तंबाखूपासून सुरू होते. तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे डाग पाडणारा मोझॅक रोग आहे. १८९२ मध्ये रशियात इव्हानोव्हस्कीने रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या चिनी मातीच्या गाळणीतून काढला. गाळलेला रसही रोग लावत होता. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकला तेच दिसलं आणि त्याने त्याला ‘जिवंत संसर्गी द्रव’ म्हटलं. म्हणजे या वस्तूला कुणी डोळ्यांनी पाहण्याआधीच तिला जिवंत ठरवून झालं होतं.

मग १९३५. अमेरिकेत वेंडेल स्टॅन्लीने टनभर रोगट पानांचा रस काढून, साफ करत करत चमचाभर स्फटिक मिळवले. पांढरे, सुईच्या आकाराचे, बाटलीत भरून फळीवर ठेवता येतील असे. पाण्यात कालवून पानावर चोळले की रोग हजर. त्याला तो निव्वळ प्रथिनाचा पदार्थ वाटला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी यांनी त्यात थोडं आरएनए, म्हणजे वंशाच्या सूचना वाहणारा रेणू, असल्याचं दाखवलं, आणि सगळी किमया त्या थोड्यातच निघाली. १९४६ मध्ये स्टॅन्लीला नोबेल मिळालं, ते रसायनशास्त्राचं.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो १९५५ चा प्रयोग. बर्कलेला फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी याच व्हायरसचे दोन भाग केले, एका भांड्यात प्रथिन, एका भांड्यात आरएनए. मग दोन्ही एकत्र ओतले. कण आपोआप परत बांधले गेले आणि रोग लावू लागले. दह्यातल्या साध्या जिवाणूबरोबर हे करून बघा. एकदा तुकडे झाले की तो गेला, पुन्हा उठत नाही. २००२ मध्ये तर न्यूयॉर्कजवळ स्टोनी ब्रूकला एकार्ड विमर यांच्या गटाने पोलिओच्या व्हायरसची साडेसात हजारांच्या आसपास अक्षरांची जनुकीय साखळी रसायनांपासून जुळवली, ती फोडलेल्या पेशींच्या अर्कात टाकली, आणि अर्कात अख्खी पेशी एकही नसताना पोलिओचे कण तयार झाले. जे रसायनांतून जुळतं, तोडून पुन्हा जोडता येतं, त्याला जिवंत म्हणायला माझी जीभ वळत नाही.

कुणी म्हणेल, बी पण तर महिनोन्‌महिने पडून असतं. कांद्याचं बी घ्या. निफाड-लासलगावच्या कुणालाही विचारा, वर्ष उलटलं की उगवण घसरते, जुनं बी टाकणारा पस्तावतो. बियाच्या आत पेशी आहेत, त्यांचे पडदे आहेत, श्वासाचं यंत्र आहे, हे सगळं हळूहळू बिघडतं, म्हणून बी मरतं. तंबाखू-मोझॅकची वाळकी पानं मात्र दशकानुदशकं रोग लावू शकतात. त्यांच्यातल्या कणांत बिघडायला असं यंत्रच नाही. मरण्यासाठी आधी काहीतरी चालू असावं लागतं.

आता तुमच्या कामाचं. वांग्याचा पर्णगुच्छ पाहिला असेल: पानं इवलीशी, झाडाचं झुडूप, फळाचा पत्ता नाही. लांबून बघाल तर त्या टोमॅटोचाच भाऊ. उसाची गवताळ वाढ त्याच घराण्यातली. १९६७ पर्यंत जगभर असले रोग व्हायरसच्याच खात्यात धरले जात. त्या वर्षी जपानमध्ये रोगट तुतीच्या अन्नवाहिन्यांत भिंत नसलेले अगदी बारीक जिवाणू दिसले, आणि टेट्रासायक्लिन हे जिवाणूंवरचं औषध दिल्यावर लक्षणं मागे हटली. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. परावलंबी तेही पुरते. झाड आणि तुडतुडे यांच्याबाहेर जगत नाहीत, तुडतुड्यांबरोबरच फिरतात. तरी ते जिवंत, कारण प्रथिनं बनवणारे रायबोझोम त्यांचे स्वतःचे आहेत, आणि टेट्रासायक्लिन नेमकं त्यांच्यावर जाऊन बसतं. बोकड्याच्या व्हायरसकडे रायबोझोम नाहीत. तो टोमॅटोचेच वापरतो. औषध मारणार कुठे? तिथला कारभार बंद पाडायला गेलात तर तो तुमच्या टोमॅटोचा कारभार आहे.

(हे वाचून कुणी वांग्यावर टेट्रासायक्लिन फवारायला निघू नका. औषध थांबलं की रोग परत येतो. झाड उपटायचं आणि तुडतुडे आवरायचे.)

द्राक्षबाग निफाड
बाटलीबद्दल एवढंच: नोंदणी झालेल्या कीटकनाशकाच्या, बुरशीनाशकाच्या लेबलवर नोंदणी क्रमांक असतो आणि लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असलेला तिरका चौकोन असतो. गिऱ्हाइकाला दोन्ही शोधायला सांगा. नसतील तर बिल जपून ठेवा आणि पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्याला दाखवा. आमच्याकडे द्राक्षावर डाऊनी बुरशी येते त्या दिवसांत असल्या बाटल्या घेऊन माणसं बांधाबांधाने फिरतात.

गोठ्यातला डॉक्टर
मॅडम, नमस्कार. सिन्नर भागात जनावरांचा डॉक्टर आहे. तुमचं वाचायला छान वाटलं, पण मी सहमत नाही.

२०२२ ला लंपी आली तेव्हा आम्ही रात्रंदिवस गोठे फिरत होतो. गाठी फुटून वाळतात, खपल्या पडतात, त्या वाळक्या खपल्यांत व्हायरस महिनाभर टिकतो. म्हणून खपल्या गोळा करा, जाळा, गोठा हायपोक्लोराइटने धुवा, असं आम्ही घसा फोडून सांगत होतो. ‘ते निर्जीव आहे’ असं मी त्या वेळी म्हणालो असतो तर झाडू कुणी उचलला नसता.

आणि लसीचं काय? लंपीला आम्ही शेळ्यांच्या देवीची लस वापरली, ती जिवंत लस. बर्फाच्या डब्यातून न्यायची, उन्हात राहिली की वाया. लाळ्या-खुरकुताची लस मेलेल्या व्हायरसची. व्हायरस वेगळे, पण कण जिवंत असो की मेलेला, दिसायला तसाच. मग फरक कशाचा? माझ्या दृष्टीने जो अजून स्वतःची पिलावळ काढू शकतो तो जिवंत. जो काढू शकत नाही तो मेला. दुसरं, व्हायरसवर औषध नाहीच असं वाचणाऱ्यांना वाटायला नको. माणसांत नागिणीवर असायक्लोव्हिर आहे, एचआयव्हीवर गोळ्या आहेत, लोक वर्षानुवर्षं जगतात.

सूक्ष्मदर्शक
मी कॉलेज रोडला राहतो, मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. करतोय. मास्तरीणबाईंनी सगळी उदाहरणं छोट्या, जुन्या व्हायरसची घेतलीत, म्हणून निकाल त्यांच्या बाजूला लागतो. तंबाखू-मोझॅकचा कण म्हणजे साधारण ६,४०० अक्षरांचं आरएनए आणि त्याभोवती एकाच प्रथिनाच्या २,१३० प्रती. तो निर्जीव वाटणारच.

मोठे घ्या की. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला एका कूलिंग टॉवरच्या पाण्यात अमिबाच्या पोटात काहीतरी सापडलं, ते जिवाणू समजून बाजूला ठेवलं गेलं. २००३ मध्ये कळलं की तो व्हायरस आहे. मिमिव्हायरस. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, जनुकीय साखळी जवळपास १२ लाख अक्षरांची, कित्येक जिवाणूंपेक्षा मोठी. असे महाकाय व्हायरस आपल्याकडेही आहेत, आयआयटी मुंबईच्या लोकांनी पवई तलावाच्या पाण्यातून वेगळा केलाय. २०१८ चा ब्राझीलचा तुपनव्हायरस तर वीसही अमिनो आम्लं प्रथिनाच्या कामाला जुंपणारी विकरं (एन्झाइम) बाळगतो. फक्त रायबोझोम तेवढे नाहीत.

आणि माझं हुकमी पान: २००८ मध्ये पॅरिसच्या कूलिंग टॉवरमधल्या अशाच एका महाकाय व्हायरसबरोबर एक चिमुकला व्हायरस सापडला, स्पुटनिक. अमिबात घुसल्यावर मोठा व्हायरस जो कारखाना उभारतो, त्यात हा शिरतो आणि त्याचाच माल चोरतो. मोठ्याचे कण वेडेवाकडे, कमी निपजतात. व्हायरस आजारी पडतो हो! जो आजारी पडतो तो जिवंत नाही?

फ्रान्सचे पॅट्रिक फोर्तेर म्हणतात की आपण चुकीच्या वस्तूकडे बघतोय. कण म्हणजे फक्त प्रवासातली अवस्था. खरा व्हायरस म्हणजे लागण झालेली पेशी, जी आता स्वतःसाठी जगत नाही, कण बनवण्यासाठी जगते. तिला ते ‘व्हायरोसेल’ म्हणतात. ती श्वास घेते, ऊर्जा वापरते, निपज करते. तिला निर्जीव म्हणून दाखवा.

रोपवाला गिरणारे
बापरे. धन्यवाद सगळ्यांना. पोरगा शेजारी बसून वाचतोय. ‘व्हायरसला व्हायरस होतो’ हे वाचून नाचायलाच लागला, उद्या वर्गात सांगणार म्हणतो.

मला कॉलेज रोडच्या दादाचं पटायला लागलंय. मास्तरीणबाईंचे स्फटिक फळीवरच्या बाटलीतले. माझं नुकसान बाटलीतल्या स्फटिकाने होत नाही, पानातल्याने होतं. त्या झाडाचं पान मी हातात धरलं होतं. ते मेलेलं नव्हतं. हिरवं होतं, वाढत होतं, पण टोमॅटोसाठी वाढत नव्हतं. मग तिथे वाढत होतं ते कोण?

अजून एक. माझ्याकडे रोपं भरायला बाया-माणसं येतात. दोघं-तिघं तळहातावर तंबाखू-चुना मळून लगेच ट्रेला हात घालतात. वर तंबाखूच्या व्हायरसचं वाचल्यापासून माझा जीव वरखाली होतोय.

निवृत्त मास्तरीण
आधी हाताचं सांगते, ते जास्त निकडीचं आहे. बोकड्या हाताने पसरत नाही, त्याला पांढरी माशीच लागते. पण मोझॅक हातानेच पसरतो. मळलेल्या तंबाखूत तो टिकून असू शकतो, रोपाच्या पानावरची लव मोडली तरी त्याला आत शिरायला तेवढी वाट पुरते. टोमॅटोचा मोझॅक त्याचाच सख्खा, तोही हात, कात्री, सुतळी यांतून जातो. तेव्हा नर्सरीत तंबाखू बंद, आणि कामाला लागण्याआधी साबणाने हात खसखसून धुवायचे. रोपं हाताळताना मध्ये मध्ये साय काढलेल्या दुधाच्या पावडरीच्या पाण्यात हात बुडवायचे, लिटरला दोनशे ग्रॅम. दुधातली प्रथिनं कणांना धरून ठेवतात. स्वस्त आहे आणि चालतं.

डॉक्टरसाहेब, खपल्या जाळा हे मीही सांगेन. विजेची तार जिवंत नसते, तरी आपण तिला हात लावत नाही. औषधांचं तुमचं बरोबर आहे, ते माझ्याकडून सांगायचं राहिलं होतं. काही व्हायरस स्वतःचं एखाद-दुसरं विकर बरोबर आणतात आणि औषध त्यालाच धरतं. असायक्लोव्हिर नागिणीच्या व्हायरसच्या विकरामुळेच कामाला लागतं. पण तेही कणाला मारत नाही, नवी प्रत निघणं थांबवतं. टोमॅटोच्या पिकात एवढंही करता येईल असं फवारणीचं औषध आज तुमच्या-आमच्या हातात नाही.

पिलावळ काढतो तो जिवंत, यावर मात्र माझी हरकत आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत स्पिगेलमन यांनी जिवाणूंवरच्या एका व्हायरसचं आरएनए घेतलं, त्याची प्रत काढणारं विकर आणि कच्चा माल नळीत टाकला, थोड्या वेळाने त्यातला थेंब नव्या नळीत, मग पुढच्या नळीत. जे लवकर प्रत काढेल ते पुढे जाणार. ७४ नळ्यांनंतर त्या आरएनएने स्वतःची ८३ टक्के लांबी टाकून दिली होती. प्रती झाल्या, बदल झाले, निवड झाली, सगळा डार्विन त्या काचेच्या नळीत घडला. आणि नळीत जिवंत काहीच नव्हतं. डॉक्टरांच्या व्याख्येने मला त्या नळीलाही जिवंत म्हणावं लागेल.

सूक्ष्मदर्शक बाळा, स्पुटनिकचं उदाहरण सुंदर आहे. पण तो मोठा व्हायरस आणि त्याचा चोर, दोघंही शेवटी अमिबाच्याच रायबोझोमवर जगतात. घरात दोन चोर शिरले आणि एकाने दुसऱ्याची थैली मारली, तर त्यामुळे दुसरा घरमालक ठरत नाही. तुपनव्हायरसबद्दल मी तुझ्याइतकीच उत्सुक आहे. उद्या कुणाला स्वतःचे रायबोझोम चालवणारा व्हायरस सापडला तर मी माझं मत बदलेन, तशी अट मी आधीच घालून ठेवली आहे.

आणि रोपवाले भाऊ, पानात वाढत होतं ते कोण, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: टोमॅटोच. पेशी टोमॅटोची, श्वास टोमॅटोचा, ऊन घेऊन साखर बनवणारी यंत्रणा टोमॅटोची. हुकूम फक्त दुसऱ्याचा. फोर्तेर त्या पेशीला व्हायरस म्हणतात, मी तिला परक्याच्या ताब्यातला टोमॅटो म्हणते. आमच्या दोघांत तंटा फार तर सातबारा कुणाच्या नावावर लावायचा एवढाच आहे, आणि मी तो टोमॅटोच्याच नावावर ठेवणार.

सूक्ष्मदर्शक
सातबाऱ्यावर कूळही लागतं, बाई. 🙂 त्या नळीत विकर बाहेरून घालावं लागलं होतं, ते तुम्ही पटकन ओलांडलंत. पण टेट्रासायक्लिनची कसोटी मी वापरणार, माझ्या सेमिनारला कामाला येईल.

गोठ्यातला डॉक्टर
आमची लस मेली की बर्फाचा डबा आणि फेरी दोन्ही वाया जातं. त्यामुळे माझ्या पुरता व्हायरस जिवंतच. बाकी दुधाचं माहीत नव्हतं.

रोपवाला गिरणारे
गिऱ्हाइकाने बाटली परत बघितली. ना तिरका चौकोन, ना नोंदणी क्रमांक. बिल आहे, सोमवारी दोघं जाणार आहोत पंचायत समितीत. त्याला लागण झालेली झाडं पिशवीत भरून उपटायला सांगितलीत आणि शेजारच्या माणसाला तो जुना प्लॉट काढायला. शेजारी ऐकेल असं वाटत नाही.

दुधाची पावडर आणली. तंबाखूचा डबा फाटकापाशी ठेवायचा असं ठरलंय, त्यावर थोडी कुरकुर झाली. एका मावशींनी विचारलं, हात दुधात बुडवायचे आणि चहा मात्र रोज कोराच का?